परक्या सूर्यांचे ग्रह : उच्चांकांचा इतिहास

उच्चांकांची आवड कोणाला नाही? सर्वांत उंच शिखर कोणते, सर्वांत लांब नदी कोणती, सर्वांत वेगाने धावणारा माणूस कोण, हे प्रश्न शाळकरी पोरापासून पेन्शनरापर्यंत सर्वांनाच गोड वाटतात. अलीकडे या यादीत आकाशातल्या उच्चांकांची भर पडली आहे. लोखंडाची वाफ होईल इतका तापलेला ग्रह, कोळशाहून काळा ग्रह, कापसासारखा हलका ग्रह, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतात. आपण त्या वाचतो, 'काय नवल आहे!' म्हणतो आणि पान उलटतो. परंतु उच्चांक ही नुसती नवलाची गोष्ट नव्हे. कोणत्या मापाने मोजले, कोणी मोजले, आणि दुसऱ्या कोणी ते पडताळून पाहिले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून उच्चांकाला किंमत येत नाही.

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ज्ञात ग्रहांच्या नासाच्या यादीने सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० चा आकडा गाठला. १९९१ साल संपले तेव्हा सर्वांनी निर्विवाद मान्य केलेला असा एकही ग्रह नव्हता. चौतीस वर्षांत शून्यापासून सहा हजार! हे कसे घडले, आणि त्याआधीची शे-दीडशे वर्षे माणसे शोधत असूनही का घडले नाही, याचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की अडचण जितकी दुर्बिणीची होती तितकीच ती घरच्या नियमाची होती.

हा घरचा नियम कोणता? आपल्या सूर्यमालेत सूर्याजवळ लहान आणि खडकाळ ग्रह आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ ही ती मंडळी. दूरवर गुरु, शनी यांच्यासारखे अगडबंब वायुमय ग्रह आहेत. बुधाची सूर्यप्रदक्षिणा ८८ दिवसांची, तर गुरूची जवळजवळ १२ वर्षांची. शास्त्रज्ञांनी याचे कारणही शोधून ठेविले होते. सूर्याजवळ उष्णता फार, तेथे बर्फ टिकत नाही, म्हणून ग्रह बांधावयास माल थोडा. दूरवर थंडी, बर्फ विपुल, म्हणून तेथे मोठे ग्रह. उपपत्ती नीटनेटकी होती आणि आपल्या घरापुरती ती आजही पुष्कळशी खरी मानतात. परंतु ज्या नियमाला पुरावा म्हणून एकच कुटुंब आहे, तो नियम की त्या कुटुंबाची रीत, हे ठरवावयाचे कसे? एकाच गिरणीचा हजेरीपट पाहून साऱ्या देशाचे कामगार-जीवन लिहावयास बसावे, तसा हा प्रकार होता.

परका ग्रह डोळ्यांनी दिसणे फार कठीण. ताऱ्याच्या झगमगाटापुढे त्याचा मिणमिणता प्रकाश लोपून जातो. म्हणून शोध घ्यावयाचा तो ग्रहाचा नव्हे, ताऱ्याच्या डुलण्याचा. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता दोघेही एका सामाईक मध्याभोवती फिरतात. ग्रह मोठा वळसा घेतो, तारा किंचित हलतो. हे हलणे पकडता आले, तर न दिसणाऱ्या ग्रहाचे वजन करता येते.

या मार्गाने ग्रहाचा दावा करणाऱ्या पहिल्या मंडळींत एक नाव आपल्या पुण्याशी जोडलेले आहे. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे कंपनी सरकारच्या मुंबईकडील इंजिनिअर दलातले अधिकारी. त्यांनी १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. १८५५ साली त्यांनी असे प्रसिद्ध केले की, भुजंगधारी तारकासमूहातील '७० ऑफियुकी' या जोडताऱ्याच्या गतीत गणिताशी न जुळणारा फरक आहे आणि त्याचे कारण बहुधा एखादा ग्रह असावा. १८६२ च्या ऑगस्टमध्ये नवी दुर्बीण घेऊन ते पुन्हा मुंबईस उतरले आणि पुण्यास पोहोचतात न पोहोचतात तोच त्यांचा अंत झाला. त्यांचा ग्रह मात्र टिकला नाही. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टी. जे. जे. सी यांनी त्याच ताऱ्यासंबंधी तसाच दावा केला, तेव्हा १८९९ साली फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखविले की सी म्हणतात तसली तिघांची जुळणी स्थिर राहू शकणार नाही.

त्याच भुजंगधारीत बर्नार्डचा तारा आहे. अंतर अवघे सहा प्रकाशवर्षे. पेनसिल्व्हेनियातील स्प्राउल वेधशाळेचे पीटर व्हॅन डी काम्प यांनी या ताऱ्याची छायाचित्रे वर्षानुवर्षे चिकाटीने घेतली आणि १९६३ साली जाहीर केले की त्याला गुरूहून जड असा ग्रह आहे. दहा वर्षे पाठ्यपुस्तकांतून हा ग्रह नांदला. १९७३ साली गेटवुड आणि आइकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांची छायाचित्रे तपासली, तेव्हा तारा डुलत असल्याचे दिसेना. शिवाय स्प्राउलमध्येच काम करणाऱ्या जॉन हर्शी यांना आढळले की तेथल्या छायाचित्रांत दुसरा एक ताराही अगदी तसाच डुलतो! दोन तारे एका ठेक्यात कसे डुलणार? डुलत होती ती दुर्बीणच. तिच्या भिंगाच्या चौकटीत ज्या ज्या वेळी फेरफार झाले, त्या त्या वेळी छायाचित्रांत उडी पडली होती. व्हॅन डी काम्प यांनी १९९५ साली मृत्यू येईपर्यंत हे मान्य केले नाही. गंमत अशी की बर्नार्डच्या ताऱ्याला ग्रह आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये तेथे एकूण चार ग्रह पक्के झाले, परंतु ते सारे पृथ्वीहून हलके आणि काही दिवसांत प्रदक्षिणा संपविणारे. व्हॅन डी काम्प यांचा तो जड ग्रह तेथे नाही.

या दोन दाव्यांच्या मधल्या काळात एक असा लेख प्रसिद्ध झाला, की तो वेळीच वाचला गेला असता तर हा इतिहास वेगळा झाला असता. १९५२ साली ऑटो स्ट्रुव्ह यांनी दोन पानांच्या टिपणात एक साधा प्रश्न विचारला. गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ, काही दिवसांत प्रदक्षिणा करीत का असू नये? असला तर तो सापडणे सोपे जाईल. आगगाडी शिटी देत जवळ येताना आवाज चढतो, दूर जाताना उतरतो. ताऱ्याच्या प्रकाशाचेही तसेच होते. तारा आपल्याकडे सरकला की वर्णपटातील रेघा निळ्याकडे, दूर गेला की तांबड्याकडे सरकतात. आपला गुरु सूर्याला सेकंदाला सुमारे १२ मीटर इतक्याच वेगाने हलवितो आणि त्याची एक फेरी पुरी होण्यास १२ वर्षे वाट पाहावी लागते. ग्रह जवळ असला तर हलणे कितीतरी जोराचे, आणि निकाल आठवडाभरात! शिवाय असा ग्रह ताऱ्याच्या तोंडावरून गेला तर ताऱ्याचा प्रकाश किंचित मंद होईल, हेही स्ट्रुव्ह यांनी लिहून ठेविले. पुढे शोधाच्या ज्या दोन मुख्य पद्धती ठरल्या, त्या दोन्ही या दोन पानांत आहेत. तरीही चाळीस वर्षे तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मोठा ग्रह ताऱ्याजवळ नसतोच, हा घरचा नियम आडवा उभा होता.

कॅनडाच्या मंडळींची हकीकत आम्हांला विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते. ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांनी १९८० च्या सुमारास हवाई बेटावरील मौना केआ या सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या पर्वतावरून सुमारे वीस ताऱ्यांचे वेग मोजण्यास आरंभ केला. मापाची पट्टी म्हणून ताऱ्याचा प्रकाश ते हायड्रोजन फ्लोराइड वायूने भरलेल्या नळीतून नेत. हा वायू जीवघेणा. नळी तापवावी लागे, पुन्हा पुन्हा भरावी लागे. विरळ हवेच्या शिखरावर, रात्रीच्या थंडीत, विष हाताळीत हे काम बारा वर्षे चालले. १९८८ साली वृषपर्वा तारकासमूहातील 'गॅमा सेफी' या ताऱ्याजवळ ग्रह असावा अशी खूण त्यांना मिळाली. पण हे ताऱ्याचेच स्पंदन असेल, या शंकेने १९९२ साली त्यांच्या गटाने माघार घेतली. कॅम्बेल यांना कायमची नोकरी मिळाली नव्हती. त्यांनी खगोलशास्त्रच सोडले. २००३ साली नव्या वेधांनी सिद्ध झाले की गॅमा सेफीजवळ ग्रह खरोखरच आहे. शास्त्राच्या इतिहासात विजेत्यांची नावे ठळक छापतात. ज्यांनी वाट करून दिली आणि जे वाटेतच उतरले, त्यांची नावे शोधून काढावी लागतात.

त्याच १९९२ सालच्या जानेवारीत एक प्रसंग घडला. इंग्लंडचे अँड्र्यू लाइन यांनी आदल्या वर्षी एका स्पंदकाभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले होते. स्पंदक म्हणजे मृत ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. त्याचे रेडिओ-ठोके घड्याळासारखे नियमित असतात, आणि ठोके पुढेमागे झाले की तो हलतो आहे असे समजावे. अटलांटा येथील परिषदेत लाइन यांचे भाषण ठरलेले होते. ते व्यासपीठावर आले आणि त्यांनी सांगितले, की आपला ग्रह अस्तित्वातच नाही. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही याचा हिशेब करताना चूक राहून गेली आणि पृथ्वीचीच हालचाल आपण दूरच्या ग्रहावर लादली. भरलेल्या सभागृहाने टाळ्यांनी त्यांचा गौरव केला. त्यांच्या पाठोपाठ अलेक्झांडर वॉल्श्चन उभे राहिले. त्यांनी आणि डेल फ्रेल यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवती दोन ग्रह शोधले होते. त्यांनी पृथ्वीच्या गतीचा हिशेब चोख केला होता आणि हे ग्रह आजतागायत टिकून आहेत. १९९४ साली तेथेच तिसरा ग्रह मिळाला. त्याचे वजन आपल्या चंद्राच्या दुपटीएवढे. वजन नीट मोजलेल्या परक्या ग्रहांत सर्वांत हलका म्हणून अजूनही त्याचेच नाव घेतात. म्हणजे हलकेपणाचा उच्चांक या इतिहासाच्या पहिल्याच पानावर नोंदला गेला.

मृत ताऱ्याभोवती ग्रह मिळाले, पण सूर्यासारख्या जित्या ताऱ्याचे काय? ६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लॉरेन्स येथे मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी महाश्वातील '५१ पेगासी' या ताऱ्याचा ग्रह जाहीर केला. वजन गुरूच्या निम्म्याच्या आसपास, आणि प्रदक्षिणा फक्त सव्वाचार दिवसांची! बुधापेक्षाही कितीतरी जवळ, हजार अंशांच्या घरात तापलेला हा ग्रह. स्ट्रुव्ह यांनी ४३ वर्षांपूर्वी सांगितलेला तो हाच. अमेरिकेतील जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी काही दिवसांतच स्वतंत्र वेध घेऊन तो खरा ठरविला. याच दोघांकडे कित्येक वर्षांचे वेध साठून होते. पण ग्रह म्हणजे गुरूसारखा बारा वर्षांचा, या समजुतीने हिशेबाची घाई कोणाला नव्हती. आता त्यांनी जुनी टिपणे संगणकावर घातली, तेव्हा त्यांतून आणखी ग्रह निघाले. आकडे कपाटात होते, ग्रह आकड्यांत होते. प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. मेयर आणि केलो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही शंका राहिली, आणि राहावयासच हवी होती. १९९७ साली डेव्हिड ग्रे यांनी हे ताऱ्याचे स्पंदन असावे असा आक्षेप घेतला आणि पुढील वर्षी तो स्वतःच मागे घेतला. पक्का निकाल १९९९ साली लागला. 'एचडी २०९४५८' या ताऱ्याचा वेग सांगत होता की अमुक वेळी ग्रह ताऱ्यापुढून जाण्याचा संभव आहे, आणि बरोबर त्या वेळी ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याने उतरला. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच साक्ष दिली. एकीने वजन सांगितले, दुसरीने आकार. भागाकार केला की घनता हातात आली. हा ग्रह गुरूहून मोठा पण पाण्याहून हलका निघाला. येथून परक्या ग्रहांच्या भौतिक गुणांचे खरे मोजमाप सुरू झाले, आणि मग घरच्या नियमाची एकेक भिंत ढासळू लागली.

उष्णतेपासून आरंभ करू. 'केल्ट-९ बी' हा ग्रह २०१७ साली जाहीर झाला. त्याची दिवसाची बाजू सुमारे ४,३०० अंश सेल्सिअस तापलेली आहे. आपल्या सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा. आकाशातील बहुसंख्य तारे तर या ग्रहाहूनही थंड आहेत. तेथे हायड्रोजनचे रेणू फुटून अणू सुटे होतात, आणि २०१८ मध्ये त्याच्या वातावरणात लोखंड आणि टायटॅनियम यांची वाफ ओळखली गेली. ग्रह आणि तारा यांच्यात आपण जी रेघ ओढली होती, ती या ग्रहाने पुसट केली. आणि हा उच्चांक पकडणारी पहिली दुर्बीण कोणती? केवळ ४२ मिलिमीटर व्यासाचे भिंग असलेली! छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याएवढे भिंग, पण रात्रीमागून रात्री तेच आकाश न कंटाळता पाहणारे.

उलट टोकाला आकाशगंगेच्या मध्याकडे, वीस हजारांहून अधिक प्रकाशवर्षांवर, २००५ साली सापडलेला एक ग्रह आहे. त्याचे उष्णतामान शून्याखाली सुमारे २२० अंश असावे. येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. केल्ट-९ बीचे उष्णतामान त्याच्या प्रकाशावरून मोजलेले आहे; या थंड ग्रहाचे, त्याचा तारा किती मंद व तो किती दूर यावरून हिशेबाने काढलेले आहे. एक तारा दुसऱ्याच्या पुढून जाताना गुरुत्वाने त्याचा प्रकाश वाढला आणि त्या वाढीवर ग्रहाने एक दिवसभर छोटा उंचवटा उमटविला, एवढीच त्याची साक्ष. तो योग पुन्हा येणार नाही. मोजलेला उच्चांक आणि काढलेला उच्चांक यांना एकाच पंक्तीस बसवू नये.

घनतेची कथा याहून सुरस आहे. पाण्याची घनता १ धरली तर पृथ्वीची साडेपाच येते. 'केप्लर-५१' या तरुण ताऱ्याभोवती असे ग्रह आहेत की त्यांची घनता ०.१ हूनही कमी. आकाराने शनीच्या तोलाचे, पण वजन अवघ्या काही पृथ्वींचे. जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखे फुगलेले. दुसरीकडे 'जीजे ३६७ बी' हा पृथ्वीहून लहान ग्रह, ७.७ तासांत त्याचे वर्ष संपते. २०२३ च्या मापाप्रमाणे त्याची घनता १०.२ आहे. साध्या लोखंडाची घनता ७.९, म्हणजे हा ग्रह जवळजवळ सगळा लोखंडाचा आणि स्वतःच्या भाराने दाबलेला असला पाहिजे. वरचे खडकाचे कवच गेले कोठे, टकरीत उडाले की आरंभापासूनच नव्हते, यावर वाद चालू आहे.

प्रकाशाचेही तसेच. 'ट्रेस-२ बी' या ग्रहावर पडलेल्या प्रकाशापैकी एक टक्काही परत येत नाही, असे २०११ मध्ये दिसून आले. कोळसाही त्याच्यापुढे उजळ. आणि 'एलटीटी ९७७९ बी' हा सुमारे ८० टक्के प्रकाश परतवितो, हे २०२३ मध्ये कळले. ताऱ्याजवळ भाजत असताना आरसा कसा? धातू आणि वाळूच्या द्रव्याचे ढग त्यावर आहेत, असे त्याचे उत्तर देतात. वाऱ्याचा उच्चांक 'वॅस्प-१२७ बी' या ग्रहाचा. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे त्याच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे ३३,००० किलोमीटर वेगाचा वारा वाहतो.

कक्षेच्या बाबतीत 'एचडी ८०६०६ बी' सर्वांत नाट्यमय. आपले ग्रह साधारणतः वर्तुळात फिरतात. याची कक्षा धूमकेतूसारखी लांबट. १११ दिवसांच्या वर्षातला बहुतेक काळ तो दूर रेंगाळतो आणि मग ताऱ्याजवळून झपाट्याने वळतो. त्या वेळी त्यावर पडणारा प्रकाश दूरच्या टोकाच्या मानाने आठशे पटींनी वाढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या वेधांप्रमाणे अवघ्या सहा तासांत त्याचे उष्णतामान सुमारे ५०० अंशांवरून १,२०० अंशांवर गेले.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की विश्वात अशा विक्षिप्त ग्रहांचाच सुकाळ आहे. येथे आमच्या धंद्यातला एक धडा उपयोगी पडतो. सभेत जो मोठ्याने बोलतो तो आधी ऐकू येतो, पण ठराव हात मोजून करावयाचा असतो. जड, तप्त आणि ताऱ्याला चिकटलेले ग्रह ताऱ्याला जोराने हलवितात, म्हणून ते आधी सापडले. नीट शिरगणती केल्यावर दिसले की सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत असा तप्त गुरु जेमतेम एखाद्याला असतो. हात मोजण्याचे काम मुख्यतः केप्लर दुर्बिणीने केले. २००९ ते २०१८ या काळात ती अवकाशातून ताऱ्यांची मंदावणी टिपत राहिली. तिच्या गणतीत पृथ्वीहून मोठ्या पण नेपच्यूनहून लहान अशा ग्रहांची बहुसंख्या निघाली, आणि नेमका हाच प्रकार आपल्या सूर्यमालेत एकही नाही! ज्या घरावरून आपण जगाचा नियम बांधला होता, त्या घरात बहुसंख्याकांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

या कामात आपल्या देशाचाही हात लागला आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबू येथील 'पारस' या उपकरणाच्या साहाय्याने २०१८ साली पृथ्वीच्या सुमारे २७ पट वजनाचा ग्रह शोधला. २०१९ साली दुसऱ्या एका ताऱ्याला भारताच्या वतीने 'बिभा' हे नाव देण्यात आले. ते बिभा चौधुरी या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ बाईंचे नाव; हयातीत त्यांना फारसा मान मिळाला नव्हता. त्या ताऱ्याच्या ग्रहाचे नाव 'संतमस'.

वर सांगितलेले पुष्कळ उच्चांक उद्या मोडतील. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उच्चांक मोडला की पट्टी सुधारली असे समजावे. परंतु एक काम अजून बाकी आहे आणि ते सर्वांत अवघड आहे. पृथ्वी आपल्या सूर्याला सेकंदाला ९ सेंटिमीटर वेगाने हलविते. रांगते मूलही याहून वेगाने जाते. इतके सूक्ष्म हलणे ताऱ्याच्या स्वतःच्या खळबळीतून वेगळे काढता आलेले नाही. म्हणून सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराची शांत प्रदक्षिणा करणारा, पृथ्वीच्या वजनाचा ग्रह अजून कोणी या रीतीने तोलून दाखविलेला नाही. सहा हजारांच्या यादीत सर्वांत तप्त आहे, सर्वांत काळा आहे, सर्वांत हलका आहे. आपल्यासारखा साधा मात्र नाही, कारण साधा फार हळू बोलतो. तो ऐकू येईल तेव्हाही तीनच प्रश्न विचारावयाचे आहेत : कोणत्या मापाने मोजले, कोणी मोजले, आणि दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले काय?